रोजच्या वादनाची गिटार : स्ट्रॅटोकॅस्टर कीं लेस पॉल?

मैफलीचा तंबोरा निराळा आणि मेहनतीचा निराळा, ही वहिवाट महाराष्ट्रांतील गायकांच्या घरांत जुनीच आहे. मैफलीचा तंबोरा गवसणींत जपून ठेवावयाचा व रोज पहाटे दुसरा जवळ घ्यावयाचा, यांत कोणास नवल वाटत नाहीं. इलेक्ट्रिक गिटार वाजविणारांच्या घरींही असाच प्रसंग येतो. मात्र तेथें मैफलीचें वाद्य कोणतें व मेहनतीचें कोणतें, हें ठरवून देणारी वहिवाट नाहीं. प्रथम हौसेनें एक गिटार येते; पुढें तिच्यांत जें नाहीं तें हवेंसें वाटून दुसरी येते; दोन्ही आवडत्या होऊन बसतात, आणि मग रोज सायंकाळीं हात कोणत्या गिटारीकडे जावा, हा प्रश्न उभा राहतो. वरवर पाहतां हा प्रश्न चैनीचा वाटेल. परंतु नोकरी-धंदा सांभाळून वाजविणाऱ्यास मिळतो तो वेळ अर्ध्या-पाऊण तासाचा. त्यांतील चवथा हिस्सा निवड करण्यांत आणि आणखी एक चवथा हिस्सा हात दुसऱ्या दांडीस सरावण्यांत गेला, तर वर्षाअखेर पदरांत काय पडतें, याचा हिशेब केला म्हणजे त्यांत फारशी चैन उरत नाहीं.

या पेंचाचा सर्वांत गाजलेला नमुना म्हणजे दोन अमेरिकन वाद्यें. एक, सन १९५४ मध्यें कॅलिफोर्नियांतील फुलर्टन गांवीं फेंडर यांच्या कारखान्यांतून निघालेली स्ट्रॅटोकॅस्टर. आणि दुसरी, सन १९५२ मध्यें मिशिगन संस्थानांतील कॅलमझू येथील गिब्सन कंपनीनें बाजारांत आणलेली लेस पॉल. लेस पॉल हें मुळांत एका वादकाचें नांव. त्याच्याविषयीं पुढें सांगावयाचें आहे. या दोन्ही गिटारी आजही तयार होतात, आणि पुण्या-मुंबईच्या दुकानांत ज्या गिटारी टांगलेल्या दिसतात, त्यांतील पुष्कळांची घडण या दोहोंपैकीं एकीवरून उचललेली असते. म्हणून खरी अमेरिकन गिटार घरांत नसली तरी प्रश्न तोच राहतो.

दोहोंचें मूलतत्त्व एकच आहे. साध्या गिटारीचा आवाज पोकळ लांकडी पेटींत घुमून मोठा होतो. या गिटारींना तशी पेटी नाहीं. धड भरीव फळीचें. पोलादी तारांच्या खालीं लोहचुंबक बसविलेले असतात आणि त्यांच्याभोंवतीं केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारों वेढे दिलेले असतात. पोलादी तार हालली कीं चुंबकाचें क्षेत्र डळमळतें, वेढ्यांतून क्षीण विद्युत्प्रवाह वाहूं लागतो, आणि ध्वनिवर्धक त्यास मोठा करून कर्ण्यांतून बाहेर काढतो. या चुंबक-वेटोळ्यासच पिकअप म्हणतात. धड भरीव कशासाठीं, तर पोकळ पेटी ध्वनिवर्धकाच्या आवाजानें स्वतःच थरथरूं लागते, ती थरथर पुन्हां पिकअपमध्यें शिरते, आणि सभागृहांत मायक्रोफोन चुकीच्या जागीं ठेवला असतां जी किंकाळी उठते तीच येथेंही उठते. भरीव फळी सहसा असा उपद्रव करीत नाहीं.

रेडिओच्या श्रोत्यांस कौतुक वाटावें अशी गोष्ट ही कीं, लिओ फेंडर हा वाद्यें घडविणारा कारागीर नव्हता. तो रेडिओ दुरुस्त करीत असे. सन १९३८ मध्यें त्यानें फुलर्टन येथें दुरुस्तीचें दुकान काढलें. तेथें रेडिओमागून ध्वनिवर्धक आले व ध्वनिवर्धकांमागून गिटारी आल्या. त्याला स्वतःला गिटार वाजवितां येत नसे, आणि पुढेंही कधीं आली नाहीं. त्यामुळेंच कीं काय, वाद्याकडे पाहण्याची त्याची दृष्टि दुरुस्ती करणाराची राहिली : हें बिघडेल कोठें, आणि बिघडल्यास खोलतां येईल काय? स्ट्रॅटोकॅस्टरची दांडी धडास सरसानें चिकटविलेली नाहीं. ती चार स्क्रूंनीं आवळलेली आहे. चार स्क्रू काढले कीं दांडी सुटून हातांत येते. त्याच्या आधींच्या टेलिकॅस्टर गिटारीच्या चौकोनी कडा वादकांच्या बरगड्यांत रुतत असत. त्यांच्या तक्रारी ऐकून फेंडरनें नव्या गिटारीचें धड पाठीमागून कोरून घेतलें व उजवा हात टेकतो तेथली कड उतरती केली. ज्याला वाजवितां येत नाहीं त्यानें वाजविणाराचें ऐकावें, एवढें शहाणपण त्याच्याजवळ भरपूर होतें.

गिब्सन कंपनीचा वारसा अगदीं वेगळा. ऑर्व्हिल गिब्सन या कारागिराच्या नांवानें ती सन १९०२ मध्यें स्थापन झाली, आणि व्हायोलिनप्रमाणें घुमटदार कोरलेल्या पृष्ठाच्या मँडोलिनी व गिटारी हें तिचें वैशिष्ट्य. त्यामुळें भरीव गिटार करण्याची वेळ आली तेव्हांही तिनें सुतारकामाचा थाट सोडला नाहीं. महोगनीचें जाड धड, त्यावर कोरलेली मेपलची घुमटदार फळी, आणि धडांत खांच घेऊन सरसानें सांधलेली महोगनीचीच दांडी. पाहणाराचें मन दुकानांत लेस पॉलकडे ओढलें जातें, तें या घडणीमुळेंच. मात्र दुकानांत गिटार पाहणें आणि ती रोज सायंकाळीं हातीं घेणें यांत फार अंतर आहे.

तें अंतर प्रथम जाणवतें दांडीवर. आणि जाहिराती याविषयींच सर्वांत कमी बोलतात. स्ट्रॅटोकॅस्टरच्या तारेची वाजणारी लांबी, म्हणजे माथ्याजवळच्या पट्टीपासून घोडीपर्यंतची, साडेपंचवीस इंच आहे. मिलिमीटरांत सुमारें ६४८. लेस पॉलची लांबी कारखान्याच्या हिशेबानें पावणेपंचवीस इंच, म्हणजे सुमारें ६२९ मिलिमीटर. पाऊण इंचाचा हा फरक सर्व पडद्यांत वांटला जातो. पहिल्या पडद्यापाशीं तो सुमारें एक मिलिमीटर; तांदुळाच्या दाण्याच्या जाडीएवढाही नव्हे. पण करंगळी चवथ्या पडद्यावर न्यावयाची झाली म्हणजे तो साधारण चार मिलिमीटरांवर जातो, आणि चार मिलिमीटर करंगळीस चांगलेच कळतात.

ताणाचीही अशीच गोष्ट आहे. तार तीच, जाडी तीच आणि स्वर तोच असेल, तर ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणांत बदलतो. हिशेब केला असतां लेस पॉलवरील ताण शेंकडा सुमारें सहांनीं कमी भरतो. ज्या श्रोत्यांनीं सतार जवळून पाहिली असेल त्यांना हें सहज समजेल. सतारिया तार पडद्यावर आडवी ओढून मींड घेतो. गिटारवादकही तार आडवी रेटून स्वर चढवितो. ताण कमी असला कीं तार सुखानें सरकते, बोटाच्या पेराला घट्टे कमी पडतात, आणि वय झालेल्या हातास तर या सहा टक्क्यांचें मोल फारच वाटतें. उलट जास्त ताणाची तार नखीखालीं खणखणीत उभी राहते, आघात स्पष्ट उमटतो, आणि झपाट्याच्या लयींत ती ढिली वाटत नाहीं. येथें एकाचा गुण तोच दुसऱ्याचा दोष आहे.

दांडीच्या पृष्ठाचा बांकही सारखा नाहीं. जुन्या स्ट्रॅटोकॅस्टरचा बांक सव्वासात इंच त्रिज्येचा, म्हणजे चांगलाच गोल. अलीकडील पुष्कळ फेंडर गिटारींत तो साडेनऊ इंचांपर्यंत सपाट केलेला आढळतो. लेस पॉलचा बारा इंचांचा. गोल पृष्ठावर स्वरसंघाची पकड मुठींत नीट बसते. परंतु तारा फार खालीं बसविलेल्या असल्या तर वरच्या पडद्यांवर तार रेटतांना ती पुढच्या पडद्यास टेकते आणि स्वर मध्येंच मरतो. तारा किंचित् उंच केल्या कीं हा दोष जातो. पण मग डाव्या हाताचे श्रम वाढतात.

पडदे असल्यामुळें गिटारीवर व्हायोलिनसारखा बेसूरपणा येत नाहीं, मग मिलिमीटरांचा एवढा बाऊ कशाला, असा प्रश्न कोणी करील. त्याचें उत्तर असें कीं, बोट पडद्यास लागून पडलें कीं स्वर स्वच्छ निघतो, थोडें मागें राहिलें कीं तो खरखरतो, आणि त्या जागेचें ज्ञान डोळ्यांनीं होत नाहीं. तें हाताच्या स्मृतींत साठतें. व्यवसायी वादक एका रात्रींत पांच गिटारी बदलतो, कारण त्याचा हात दिवसाचे कित्येक तास दांडीवर असतो. हौशी वादकानें त्याचें अनुकरण करावें याइतकें महागाचें अनुकरण दुसरें नाहीं. सोमवारीं एक व मंगळवारीं दुसरी गिटार घेणाऱ्याचा हात प्रत्येक वेळीं पाहुण्याच्या घरीं गेल्यासारखा बिचकत राहतो.

आतां पिकअपचा विचार. स्ट्रॅटोकॅस्टरला तीन पिकअप आहेत व प्रत्येकांत वेटोळें एकेरी आहे. एकेरी वेटोळ्याचा आवाज घंटेसारखा निर्मळ असतो. नखी तारेस कशी लागली तें तो जसेंच्या तसें सांगतो. पण वेटोळें तें वेटोळेंच. तारेचें कंपन जसें त्यास कळतें तसें घरांतील विजेचेंही कळतें. दिव्यांच्या जोडण्या, पंख्याचे रेग्युलेटर, संगणकाचे पडदे यांभोंवतींचें विद्युत्-चुंबकीय क्षेत्र त्यांत शिरतें आणि कर्ण्यांतून सतत गुंजन ऐकूं येतें. अमेरिकेंत वीज सेकंदास ६० आवर्तनांची, भारतांत ५० आवर्तनांची. त्यामुळें या गुंजनाचा स्वरही दोन्ही देशांत वेगळा! भारतांतील गुंजनांत ५० बरोबर तिची दुप्पट १०० आवर्तनेंही असतात. आणि गिटारीच्या सर्वांत खर्जाच्या तारेवर तिसऱ्या पडद्याचा स्वर आहे ९८ आवर्तनांचा. तो स्वर लांबवून धरला कीं गुंजनाशीं त्याची टक्कर होते आणि सेकंदास सुमारें दोन हेलकावे कानांस जाणवतात. पुण्याच्या सदनिकेंत बसून वाजविणाऱ्यास आपलीच तार बेसूर झाली असें वाटून तो खुंटी पिळूं लागतो. वस्तुतः बेसूर असते ती वीज.

यावरील तोड गिब्सनच्या कारखान्यांतील सेथ लव्हर या अभियंत्यानें काढली. त्यानें दोन वेटोळीं शेजारीं बसविलीं, परंतु त्यांची जोडणी परस्परविरुद्ध दिशांनीं केली व चुंबकांचीं टोंकेंही उलटसुलट ठेवलीं. विजेचें गुंजन दोन्ही वेटोळ्यांत सारखेंच शिरतें, आणि जोडणी विरुद्ध असल्यामुळें एकमेकांस खाऊन टाकतें. तारेचें कंपन मात्र चुंबकाच्या जोरावर उमटतें. चुंबक व जोडणी दोन्ही उलट झाल्यानें तें नष्ट न होतां उलट दुणावतें. युक्ति इतकी सोपी आहे कीं ती पूर्वीं कोणास सुचली नाहीं काय असें वाटावें. तिच्यासारखे प्रयत्न पूर्वींही झाले होते, पण गिटारींत ती घट्ट रुजली ती लव्हरच्या हातून. सन १९५५ मध्यें त्याच्या नांवें पेटंटचा अर्ज झाला, सन १९५७ पासून लेस पॉलमध्यें हे पिकअप बसूं लागले आणि सन १९५९ मध्यें पेटंट मिळालें. गुंजन दबविणारा म्हणून त्यांचें नांवच हंबकर पडलें. त्यांचा आवाज भरदार, जाड, थोडा गडद असतो. दोन वेटोळीं तारेचा अधिक रुंद भाग एकदम ऐकत असल्यामुळें टोंकाचा तीव्रपणा कांहीं अंशीं गळून जातो. दुधांतील पाणी काढतांना थोडी सायही जावी, तसें हें आहे.

फेंडरच्या बाजूनेंही एक उपाय वादकांनींच शोधला. स्ट्रॅटोकॅस्टरचें बटण मूळचें तीन जागांचें होतें, एका वेळीं एक पिकअप. वादक तें दोन जागांच्या मध्यें अडकवून दोन पिकअप एकदम चालवूं लागले, कारण त्या अधल्यामधल्या आवाजांत एक विलक्षण किणकिणाट होता. अखेर सन १९७७ मध्यें कारखान्यानें पांच जागांचें बटण देऊं केलें. अलीकडील पुष्कळ स्ट्रॅटोकॅस्टरांत मधला पिकअप उलट गुंडाळलेला असतो, त्यामुळें त्या दोन मधल्या जागांवर गुंजनही जवळजवळ नाहींसें होतें. बाकीच्या तीन जागांवर गुंजन सोसावें लागतें, किंवा खुर्ची थोडी फिरवून बसावें लागतें. विजेच्या क्षेत्राशीं वेटोळ्याचा कोन बदलला कीं तें बरेंच उतरतें. हा उपाय फुकट असूनही फार थोडे लोक तो करतात.

हवेचा प्रश्न अमेरिकेहून कोंकणपट्टींत अधिक कठीण आहे. पावसाळ्यांत लांकूड ओल शोषून घेतें व दांडीचा बांक बदलतो. तारा एकतर पडद्यांवर घासूं लागतात किंवा उंच जातात. यासाठींच दोन्ही गिटारींच्या दांडींत एक लोखंडी सळई घातलेली असते व ती पिळून बांक सरळ करतां येतो. येथें मात्र दुरुस्ती करणाऱ्या फेंडरनें नवलाची गैरसोय करून ठेवली. जुन्या पद्धतीच्या स्ट्रॅटोकॅस्टरमध्यें सळईचें टोंक धडाच्या बाजूस आहे, म्हणजे ती पिळण्यासाठीं दांडी सोडवावी लागते. लेस पॉलमध्यें तें माथ्यावर एका लहानशा झांकणाखालीं असतें. दोन स्क्रू काढले कीं काम झालें. नव्या फेंडर गिटारींपैकीं पुष्कळींत तें माथ्याकडेच आणलेलें आहे.

पण हीच माथ्यावरची सोय लेस पॉलच्या जिवावर बेतते. तिचा माथा दांडीशीं सरळ रेषेंत नाहीं. तो मागें झुकलेला आहे, मूळच्या पद्धतींत १७ अंशांनीं. तो दांडीसह एकाच लांकडांतून काढलेला असल्यामुळें झुकलेल्या भागांत लांकडाचे तंतु आंखूड, तिरपे पडतात. आणि नेमकें तेथेंच सळईच्या टोंकासाठीं लांकूड पोखरलेलें असतें. गिटार पाठीवर पडली कीं माथ्याचा आघात त्या जागीं येतो आणि माथा तुटतो. दुरुस्त करणाऱ्या कारागिरांच्या मेजावर हें दृश्य इतकें नेहमींचें आहे कीं, जुनी लेस पॉल विकत घेणारा प्रथम तोच सांधा तपासून पाहतो. सरसानें तो पक्का जोडतां येतो, आवाजही बिघडत नाहीं. किंमत मात्र एकदम उतरते. स्ट्रॅटोकॅस्टरचा माथा सपाट, दांडीच्याच पातळीवर असल्यामुळें तिला ही भीति फारशी नाहीं. शिवाय तिच्या सहाही खुंट्या एका ओळींत असून तारा सरळ जातात. लेस पॉलच्या तारा माथ्यावर पोंचल्यावर दोन्ही बाजूंस फांकतात. त्यामुळें मधल्या तारा, विशेषतः तिसरी, खांचेंत अडकते व रेटलेली तार पुन्हां पूर्वपदावर येत नाहीं. ज्या घरांत लहान मुलें धांवत असतात आणि गिटार भिंतीला टेकवून ठेवलेली असते, त्या घरानें या दोन परिच्छेदांचा विचार आवाजाच्या आधीं करावा.

वजनाबद्दल थोडक्यांत सांगतां येईल. स्ट्रॅटोकॅस्टर साधारण साडेतीन किलोग्रॅमच्या आसपास. लेस पॉल चारांच्या पुढें, आणि एखादी साडेचारांच्याही वर. मांडीवर घेऊन वाजविणाऱ्यास हें जाणवत नाहीं. पट्टा खांद्यावर टाकून तासभर उभें राहणाऱ्यास दुसऱ्या दिवशीं सकाळीं जाणवतें.

या दोन वाद्यांतील निवड एका थोर वादकाच्या आयुष्यांत स्पष्ट दिसते. इंग्रज वादक एरिक क्लॅप्टन यानें जॉन मेयॉल याच्या मंडळींबरोबर सन १९६६ मध्यें प्रसिद्ध झालेली ‘ब्लूज ब्रेकर्स’ ही ध्वनिमुद्रिका लेस पॉलवर वाजविली. ध्वनिवर्धक जोरांत लावून काढलेला तो जाड, दीर्घ स्वर ऐकून इंग्लंडांतील तरुण वादक जुन्या लेस पॉल गिटारी शोधूं लागले. गंमत अशी कीं, खप होत नाहीं म्हणून गिब्सननें त्या घडणीची गिटार सुमारें सन १९६० नंतर बंदच केली होती. वाढती मागणी पाहून सन १९६८ मध्यें ती पुन्हां सुरू करावी लागली. पण तोंवर खुद्द क्लॅप्टनची ती गिटार चोरीस गेली होती, आणि त्याचें मनही दुसरीकडे वळूं लागलें होतें. सन १९७० मध्यें नॅशव्हिल येथील एका दुकानांत त्यानें जुन्या स्ट्रॅटोकॅस्टर गिटारींचा एक गठ्ठाच विकत घेतला. कांहीं मित्रांस देऊन टाकल्या आणि उरलेल्या तिघींचे उत्तम भाग निवडून, एकीचें धड व दुसरीची दांडी अशा रीतीनें, एक गिटार जुळविली. काळ्या रंगावरून तिचें नांव ‘ब्लॅकी’ पडलें. चार स्क्रूंची ती रेडिओ-दुरुस्त्याची युक्ति नसती, तर ही गिटार जन्मासच आली नसती. सन १९८५ च्या सुमारास तिची दांडी वापरून वापरून झिजली, तोंपर्यंत ती त्याच्या नित्य हातांत होती. सन २००४ मध्यें न्यूयॉर्क येथील लिलांवांत तिला ९,५९,५०० डॉलर आले आणि ती रक्कम व्यसनमुक्तीच्या कार्यास गेली.

याच्या उलट उदाहरण जिमी पेज याचें. ‘लेड झेपेलिन’ मंडळींच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेवर त्यानें टेलिकॅस्टर वाजविली. सन १९६९ मध्यें लेस पॉल घेतल्यावर तीच त्याची ओळख होऊन बसली. तरीही सन १९७१ च्या ध्वनिमुद्रिकेंत त्याचें जें एकल वादन सर्वांत प्रसिद्ध झालें, तें लेस पॉलवर नसून जुन्या टेलिकॅस्टरवर आहे, हें ऐकणाऱ्यांपैकीं फार थोड्यांच्या ध्यानांत येतें. वाद्यावरून आवाज ओळखूं म्हणणाऱ्या जाणकारांनीं हें उदाहरण नेहमीं जवळ बाळगावें.

तेव्हां रोजच्या वादनासाठीं निवड करतांना कानांचा कौल दुसरा समजावा व हाताचा पहिला. साधारण घरीं, साधारण प्रकृतीच्या वादकास, नित्य हातीं धरावयास स्ट्रॅटोकॅस्टर अधिक योग्य. ती हलकी आहे, अंगास रुतत नाहीं, पडली तर सहसा वांचते, बिघडली तर खोलतां येते. याहून मोठें कारण तिच्या निर्मळ आवाजांत आहे. सायंकाळीं शेजारपाजाऱ्यांचा विचार करून ध्वनिवर्धक हळू लावावा लागतो, आणि हळू आवाजांत एकेरी वेटोळें वादकाचा एकही दोष झांकत नाहीं. बोट उशिरां पडलें, नखी तिरपी लागली, दोन तारा एकदम वाजल्या, सगळें ऐकूं येतें. लेस पॉलचा भरदार स्वर या गोष्टींवर मायेचें पांघरूण घालतो. सभेंत तें पांघरूण हवें; मेहनतींत नको. तिचा खरा बहर ध्वनिवर्धक मोठा लावल्यावर येतो, आणि तो योग सदनिकेंत राहणाऱ्यास वर्षांतून किती वेळां येणार?

मात्र तीन प्रकारच्या माणसांनीं हा सल्ला बाजूस ठेवावा. ज्यांचा पंजा लहान आहे किंवा बोटांचे सांधे धरूं लागले आहेत, त्यांनीं कमी लांबीची, कमी ताणाची लेस पॉलच घ्यावी. दुखणाऱ्या हातानें केलेली मेहनत टिकत नाहीं. ज्यांच्या खोलींत विजेचें गुंजन कांहीं केल्या जात नाहीं, त्यांनींही. आणि ज्यांचें संगीतच संथ, दीर्घ स्वरांचें आहे, त्यांना स्ट्रॅटोकॅस्टरच्या खणखणाटांत कितीही सोयी दाखविल्या तरी त्यांचें मन रमणार नाहीं. आणि मन रमलें नाहीं तर ती सर्व सोय फुकट.

ज्यांस कशानेंच ठरत नाहीं, त्यांनीं एक प्रयोग करून पाहावा. एक महिना एक गिटार खुंटीवर किंवा घोड्यावर, हात सहज पोंचेल अशी उघडी ठेवावी व दुसरी पेटींत बंद करावी. पुढल्या महिन्यांत उलट करावें. दोन्हींवर एकाच जाडीच्या तारा चढवाव्या, नाहींतर तुलना तारांची होते, गिटारींची होत नाहीं. रोज किती मिनिटें वादन झालें एवढेंच कॅलेंडरावर लिहावें; कोणती गोड वाटली तें लिहूं नये, कारण नवी गिटार नेहमींच गोड वाटते. दोन महिन्यांनंतर आंकड्यांवरून जें दिसेल तें मान्य करावें. दुसरी गिटार विकण्याची घाई मात्र नको. तारा थोड्या सैल करून, पावसाळ्यांत ओल शोषून घेणारी पुडी पेटींत टाकून तिला ठेवावी, आणि बाहेरच्या भिंतीला, जेथें जून-जुलैंत पाणी झिरपतें, तेथें पेटी टेकवूं नये.

राहतां राहिला तो लेस पॉल, ज्याचें नांव या गिटारीला मिळालें. तो सन १९१५ मध्यें विस्कॉन्सिनमध्यें जन्मला. सन १९४० च्या आसपास त्यानें लांकडाच्या एका चौकोनी ठोकळ्यावर तारा व पिकअप बसवून भरीव गिटार करून पाहिली होती व गिब्सन कंपनीस दाखविली होती; तेव्हां कंपनीनें ती मनावर घेतली नाहीं. फेंडरच्या गिटारी खपूं लागल्यावर तिला त्याची आठवण झाली. सन १९४८ च्या जानेवारींत मोटार-अपघातांत त्याच्या उजव्या कोंपराचा चुराडा झाला आणि हात कायमचा एकाच स्थितींत राहणार हें ठरलें. त्यानें तो गिटार धरतां येईल अशा कोनांत बसवून घेतला, आणि पुढें साठ वर्षें त्याच हातानें वाजविलें. उतारवयांत संधिवातानें बोटें जखडलीं, तेव्हां उरलेल्या बोटांपुरती नवी वादनपद्धति त्यानें बसविली. सन १९८० नंतरच्या दशकापासून न्यूयॉर्कमधील क्लबांत दर सोमवारीं रात्रीं त्याचें वादन होत असे. सन २००९ मध्यें वयाच्या ९४ व्या वर्षीं तो वारला, त्याच्या थोडे दिवस आधींपर्यंत हा क्रम चालू होता. त्या सोमवारच्या वादनासाठीं तो जी गिटार घेई तिच्यावर नांव लेस पॉल असेंच होतें. पण सेथ लव्हरचे जगप्रसिद्ध हंबकर तिच्यांत नव्हते. त्यानें आपल्या हातास व कानास मानवतील असे निराळे पिकअप तिच्यांत बसवून घेतले होते.